तंबूतून गेलेली आक्का

काही घटना आठवाव्या लागतात. ही तशी नाही. मे महिना लागला, कोल्हापुरात दुपारचं डांबर मऊ पडायला लागलं, की ती आपणहून येऊन माझ्यासमोर बसते.

खात्यातून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यानंतर दोन-चार ठिकाणी तरुण मुलांपुढं बोलायला बोलावलं, तेव्हा ही केस मी सांगितलेली आहे. पण अर्धी. ज्या भागाला टाळ्या पडतात तेवढाच. उरलेला भाग मी घरातसुद्धा काढला नव्हता. आज काढतो, कारण ज्या बाईपासून तो लपवून ठेवायचं मी कबूल केलं होतं, ती आता हयात नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. धरणाचंही नाही.

तेव्हा मी सहायक निरीक्षक होतो आणि जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं एक लहान ठाणं माझ्याकडं होतं. डोंगर, जंगल, आणि मध्ये धरणाचं पाणी. पाण्याच्या वरच्या टोकाला नदीची जुनी घळ आहे. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या उभ्या भिंती आणि मध्ये हिरवं, हलत नसल्यासारखं पाणी. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा कड्यावर उभा राहिलो आणि हातातला वायरलेस बोलत होता तरी उत्तर द्यायचं विसरलो. एवढी मोठी जागा एवढी शांत असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

मग तिथं तंबू आले. काठावरच्या माळावर निळे, केशरी तंबू ओळीनं उभे राहायचे. शनिवारी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडून गाड्या यायच्या. शेकोटी, तांबडा-पांढरा रस्सा, मोठा स्पीकर, आणि पहाटे धुक्यात चहाचा कप हातात धरून काढलेले फोटो. आमच्या वाट्याला यायची ती दारूची भांडणं, हरवलेले मोबाईल, आणि वर्षातून कधीतरी बुडालेला पोहणारा. माझे बीट हवालदार त्या भागातलेच, निवृत्तीला आलेले. पाण्यात फार आत गेलेल्या पोरांना ते काठावरून हाळी द्यायचे, "पावणं, भाईर या. आमास्नी रविवारी सुट्टी आसती, तुमच्यापायी कशाला घालवताय?"

त्या वर्षी पाणी फार उतरलं होतं. खालच्या शेतीला रोज सोडत होते आणि काठ रोज थोडा खाली सरकत होता.

रविवारी सकाळी कँपवाल्याचा फोन आला. एका तंबूतली वयस्कर बाई सकाळपासून दिसत नाही. ठाणे अंमलदाराला डायरीला नोंद घ्यायला सांगून मी आणि हवालदार निघालो.

तंबूपाशी चाळिशीचा एक माणूस उभा होता. अंगात हाफ पँट आणि टी-शर्ट, आणि त्या कपड्यांत त्याला अवघडल्यासारखं होत होतं, हे लगेच दिसलं. पेठ वडगावच्या बाजारात एका दुकानात तो कामाला होता. बायको आणि लहान मुलगी शेजारी. हरवलेली बाई त्याची आई. वसाहतीत सगळे तिला आक्का म्हणायचे, म्हणून मीही इथं आक्काच म्हणतो.

"आई उजाडायच्या आधीच उठती," तो म्हणाला. "आम्ही उठलो तर आंथरूण घडी घालून ठेवल्यालं. वाटलं, तोंड धुवाय गेली आसंल."

आक्काचं कुटुंब धरणग्रस्त होतं. तिचं सासरचं गाव ह्याच पाण्याखाली होतं. गाव उठलं तेव्हा हा मुलगा पोटात होता. सरकारनं वडगावच्या बाजूला सपाटीवर वसाहत बसवली, तिथं तो जन्मला, वाढला. तंबूंच्या जाहिरातीत ते पाणी बघून त्याच्या मनात आलं, आईला एकदा न्यावं.

"सायेब, जुन्या गावाकडं तर गेली नसंल?" त्यानं विचारलं.

मी कँपवाल्याकडं बघितलं. तो डोंगराच्या सोंडेकडं बोट करून म्हणाला, "गाव त्या सोंडंच्या पल्याड हाय. पण वाट अजून पाण्यात हाय. मागच्या आठवड्यात मी सोता बघून आलोय. होडीबिगर न्हाय जाता येत."

मी ते ऐकलं आणि पुढं झालो. सोंडेला वळसा घालून बघायला फार वेळ लागला नसता. नाही बघितलं.

थोड्या वेळानं हवालदारांना चपला मिळाल्या. कोल्हापुरी पायताण, झिजलेलं, अंगठ्याला नवीन टाका घातलेलं. सोंडेच्या अलीकडं, काठाच्या भेगाळलेल्या चिखलावर, दोन उभ्या धोंड्यांशेजारी ते जोडीनं ठेवलं होतं आणि त्यावर एक दगड होता. पाणी तिथून चार ढांगांवर. आजूबाजूला म्हशींच्या खुरांचे ठसे इतके, की माणसाचं पाऊल शोधणं शक्य नव्हतं. दोन पंच बोलावून मी पंचनामा केला. दगड बाजूला ठेवला, पायताण ताब्यात घेतलं.

पाण्याकाठी ठेवलेल्या चपला पोलिसाला एकच गोष्ट सांगतात. नोकरीत मी अशा चपला बऱ्याच बघितल्या होत्या. मी होड्या मागवल्या, गळ टाकायला लावले. इंजिनाच्या दोन होड्या दिवसभर पाणी कापत फिरत राहिल्या. वन खात्याची माणसं आणि जवळच्या गावातली पोरं सोंडेकडून डोंगर बघायला तयार होती. त्यांना मी थोडं थांबायला सांगितलं.

दुपारी ठाण्यावर फोन आला. बोलणारा नाव सांगेना. शेजारच्या तंबूत उतरलो होतो, एवढंच म्हणाला.

"काल सांजचं त्या मायलेकरांचं लई वाजलंय सायेब. त्यो तिला दंडाला धरून वडत तंबूत घेऊन गेलता. आमी बघितलंय. म्हातारी आपणहून गेली नसंल, एवढंच सांगतो."

खबर देणारा बहुतेक वेळा जे बघितलं ते खरं सांगतो. त्यातून त्यानं काढलेलं मात्र तपासून घ्यावं लागतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी त्या मुलाला जीपमध्ये घालून ठाण्यावर आणलं. त्याची बायको आणि मुलगी मागून कुणाच्या तरी गाडीतून आल्या आणि ओट्यावर बसून राहिल्या.

माझ्या खोलीत मी त्याला समोर बसवलं.

"काल संध्याकाळी काय झालं?"

"काय न्हाय. जेवलो, झोपलो."

"भांडण?"

"न्हाय सायेब."

"आईच्या दंडाला धरून ओढत कोण घेऊन गेलं?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आईशी भांडलो, तेही सहलीला आणून, चार परक्या माणसांसमोर, हे कबूल करणं आपल्याकडच्या माणसाला चोरी कबूल करण्यापेक्षा जड जातं. आज हे मी लिहू शकतो. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की हा खोटं बोलला.

थोडा दम दिल्यावर त्यानं सांगितलं. आक्काला गाव बघायला जायचं होतं. वाट नाही म्हटल्यावर ती काठावर जाऊन बसली, जेवायला येईना. म्हणाली, मला तुझ्या तंबूत झोपायला आणलंस काय? तो चिडला. "मी म्हणालो, जलमभर त्ये गाव, त्ये गाव. आता गाळ हाय तितं, दुसरं काय न्हाय. मग ती काय बोललीच न्हाय."

"आणि मग?"

"मग काय न्हाय. झोपलो."

हे सगळं खरं होतं. मला ते अर्धवट वाटलं. मी बाहेर आलो, ओट्यावर चहा घेतला. त्याची मुलगी माझ्याकडं बघत होती. मी दुसरीकडं तोंड केलं. मग आत गेलो आणि मी ते केलं.

आमच्या धंद्यात ही एक जुनी युक्ती आहे. ती कुठल्या पुस्तकात नसते, मोठे साहेब लहान साहेबांना तोंडी शिकवतात. संशयिताला सांगायचं, की सगळं उघडकीला आलंय. मग तो आत धरून ठेवलेलं सोडतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणालो, "आईचं प्रेत मिळालं. पाण्यातून काढलंय."

मला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा पाय धरेल. त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "लुगडं नीट हाय न्हवं तिच्या अंगावर? बघ्यांची गर्दी आसंल."

मी म्हणालो, "आहे."

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "मीच आणलो तिला इतं. माझ्यापायी गेली." आणि टेबलाच्या कडेवर कपाळ टेकून तो रडायला लागला. आवाज न करता.

ते वाक्य मी जबाबात घेतलं. माझ्या दृष्टीनं अर्धी कबुली आली होती. डोंगराकडं जायला थांबलेल्या लोकांना मी निरोप पाठवला, आता गरज नाही, घरी जा. होड्या तेवढ्या चालू ठेवल्या, कारण प्रेत मिळायला हवं होतं. वरिष्ठांना फोन करून सांगितलं, की केसमध्ये प्रगती आहे.

सकाळी त्यानं मला जुन्या गावाकडं बघा म्हणून विचारलं होतं. आणखी दोनदा जीपमध्येही विचारलं होतं. प्रेत मिळालं म्हटल्यावर त्यानं पुन्हा विचारलं नाही. कशाला विचारेल?

ती रात्र त्यानं ठाण्यात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले सोपस्कार पुरे करायला मी बसलो. चपलांची ओळख पटवून घ्यायची राहिली होती. खरं तर ती आदल्या दिवशीच व्हायला हवी होती, पण कबुलीच्या मागं लागून मी ती पुढं ढकलली होती. हवालदारांनी मुद्देमालातून पायताण आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"आईचंच हाय," तो म्हणाला. अंगठ्याच्या टाक्यावरून त्यानं बोट फिरवलं. "ह्यो टाका मीच घालून आणलाय परवा." मग पट्ट्यावर वाळलेल्या गाळाच्या डागापाशी त्याचं बोट थांबलं. "सायेब, ह्येच्यावर धोंडा व्हता काय?"

"होता. का?"

"कुठं घावलं हे?"

"काठावर दोन उभे धोंडे आहेत, त्यांच्याजवळ."

तो सरळ बसला.

"ती आमची वेस हाय," तो म्हणाला. "जुन्या गावाची. पाणी उतरलं की वसाहतीतली माणसं देवाला नारळ द्याय जायची. मी बारका असताना एकदा आलतो. वेशीत पायताण काढायचं आणि वर धोंडा ठेवायचा. म्हंजे आत माणूस हाय. भाईर आलं की धोंडा फेकून द्यायचा. आत गाळ लई आसतोय, रुतलं-बितलं तर कळाय पायजे. शेवटी निघणारा धोंडं बघून निघतोय, कोण मागं ऱ्हायलं न्हाय न्हवं म्हणून."

तो पुढं बोलत राहिला, हळूहळू, स्वतःलाच समजावून सांगितल्यासारखा. "म्हंजे आई आत गेलती. चालत. परत याचं म्हणून गेलती. जीव द्याय निघाल्यालं माणूस धोंडा कशाला ठेवंल?" मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "मग ती पाण्यात कशी घावली, सायेब?"

हवालदार माझ्याकडं बघत होते. त्यांना आदल्या दिवसापासून माहीत होतं.

"घावली नाही," मी म्हणालो. "प्रेत मिळालेलं नाही. मी खोटं बोललो."

मी नोकरीत लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, अंगावर धावून आलेली माणसं बघितली आहेत. त्यातलं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्याकडं बघत राहिला, जणू मी दुसऱ्या भाषेत बोललो होतो. मग त्यानं बाकाखालची आपली चप्पल पायात घातली आणि म्हणाला, "जीप हाय काय?"

आम्ही लगेच निघालो. वन खात्याच्या माणसांना आणि गावातल्या पोरांना पुन्हा बोलावणं धाडलं होतं, पण आम्ही त्यांच्यासाठी थांबलो नाही. माळावर नवे पाहुणे तंबूंसमोर पोहे खात बसले होते. ते उठून आमच्याकडं बघायला लागले. आम्ही काठानं सोंडेला वळसा घातला.

पुढचं दृश्य मी कितीतरी वेळा सांगायचा प्रयत्न केला आहे. जमत नाही.

वाट उघडी पडली होती. आठवड्याभरात पाणी तेवढं उतरलं होतं. दगडी फरसबंदीची एक अरुंद वाट गाळातून वर आली होती आणि तिच्या टोकाला गाव होतं. घरांची जोती ओळीनं, जशी होती तशी. मधून गल्ली. एका जोत्यावर जातं, त्याची खुंटी गेलेली. अंगणात उखळ, त्यात पाणी, त्या पाण्यात आभाळ. तुळशीचे कट्टे एकामागं एक. झाडांचे बुंधे काळे पडून उभे. गावाच्या शेवटी काळी दीपमाळ, तिच्यावर पांढऱ्या शिंपल्यांचा थर, आणि दीपमाळेच्या मागं जमीन संपत होती. तिथं घळ होती. वरच्या कड्यावरून मी जी घळ इतक्यांदा बघितली होती, ती मी कधी बघितलीच नव्हती. आजवर मी फक्त तिच्यातलं पाणी बघितलं होतं. आता पाणी खाली गेलं होतं आणि कातळ खोल, खोल उतरत गेला होता. भिंतींवर हजारो पावसाळ्यांनी घासलेल्या लाटा, जणू दगड कधीतरी वाहत होता. तळाशी नदीची एक बारीक धार. एक गाव ह्या काठावर नांदत होतं, रोज सकाळी दार उघडून हे बघत होतं, आणि वर्षानुवर्षं हे सगळं त्या सपाट निळ्या पाण्याखाली होतं, ज्याच्यावर आमचे पर्यटक होडीत बसून फोटो काढायचे.

मला घाई होती. मनात एकच विचार होता, की उशीर झाला असेल. तरी मी थांबलो.

सोंडेला वळसा घालण्याआधीच, वेशीच्या धोंड्यांपाशी, मुलगा त्या घाईतही वाकला होता. चप्पल काढली, वर दगड ठेवला. हवालदारांनी खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट ठेवले, दगड ठेवला. मग मीही काढले. खात्याचे तपकिरी बूट, त्यांवर गाळानं भरलेला एक गोटा. आता वाटेच्या त्या उन्हात तापलेल्या फरशीवर मी अनवाणी पाय ठेवला, तेव्हा आपण कुणाच्या तरी घरात शिरतोय, असं मला वाटलं.

"आये," मुलानं हाक मारली.

घळीनं ती हाक घेतली आणि परत दिली. एकदा, पुन्हा एकदा, लांबून. मग शांत. त्यानं पुन्हा हाक मारली. ह्या वेळी हाक परतून विरल्यावर मागं एक आवाज राहिला. दगडावर दगड आपटल्याचा.

देवळाला छप्पर होतं, दगडी. गाभाऱ्यात गुडघ्याएवढा गाळ. आक्का गाभाऱ्याच्या उंबऱ्यात बसली होती, एक पाय गाळात गुडघ्यापर्यंत रुतलेला आणि वाकडा. ओठ फुटलेले, लुगड्याचा पदर डोक्यावर नीट घेतलेला. हातात एक गोटा होता. घरून आणलेला नारळ देवाला फोडायला म्हणून ती पायरी उतरली, पाय गाळात गेला आणि कमरेतून काहीतरी मोडलं, असं नंतर कळलं. नारळ तिनं फोडला होता. पाणी पिऊन, खोबरं खाऊन तिनं दिवस आणि रात्र काढली होती.

मुलगा दारातच थांबला. धावत गेला नाही. हवालदार पुढं झाले, पाण्याची बाटली उघडली. तो तिथंच उभा राहून माझ्याकडं वळला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सायेब, ही हाय न्हवं?"

त्याचा त्याच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. तो मला विचारत होता.

"आहे," मी म्हणालो. आदल्या दिवशी मी त्याला हेच उत्तर दिलं होतं, दुसऱ्या प्रश्नाला.

"आरं, हुबा काय ऱ्हायलास धोंड्यावानी?" आक्का म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "काल दिसभर कुटं हुतास? मी घसा फुटुस्तवर वरडतोय. त्या होड्या मेल्या नुसत्या फट्‌फट फट्‌फट करत हिकडनं तिकडं जात हुत्या. माणसाचा आवाज जाईल काय त्यातनं? काय हुडकत हुत्या त्या एवढं?"

हवालदारांनी बाटली तिच्या ओठांना लावली.

मग मुलगा तिच्याकडं गेला. गाळात बसला आणि तिच्या मांडीत डोकं घातलं. तिनं त्याच्या केसांतला गाळ काढायला सुरुवात केली. "आपलं घर घावलं रे," ती म्हणाली. "चुलीची जागा बी दिसती. तुला दावतो, चल."

"आदी दवाखान्यात जाऊ, आई."

"व्हय, जाऊ की. घर काय पळून जातंय?"

कँपवरून फोल्डिंगची खाट आणि तंबूचं कापड आणलं. तोवर गावातली पोरंही येऊन पोहोचली होती. आम्ही तिला उचललं, तेव्हा वेदनेनं ती कण्हली, पण गल्लीतून जाताना एकेका जोत्याकडं मान वळवून सांगत राहिली, हे अमक्याचं, हे तमक्याचं, हितं एक बरी म्हातारी हुती, हितल्या बाईचं आणि माझं पटत न्हवतं. खाट धरलेले सगळे गप्प ऐकत होते. मी आजवर अनेक मोठी देवळं बघितली आहेत. त्या गल्लीतून चालताना मला जे वाटलं ते कुठल्या देवळात वाटलेलं नाही.

वेशीपाशी खाट टेकवली तेव्हा तिनं माझ्याकडं बघून मुलाला विचारलं, "ह्ये सायेब कोण?"

मी तयारी केली. तो काहीही म्हणाला असता तरी तो त्याचा हक्क होता.

"ह्येनीच हुडकलं तुला," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता.

आक्कानं हात वर केला. मी वाकलो, आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "लई आयुष्य मिळू दे बाबा," ती म्हणाली. मी गणवेशात होतो, अनवाणी. तो हात मी झटकू शकलो नाही.

पेपरात फोटो आला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. वेशीवरच्या दगडावरून छडा लावणारा अधिकारी म्हणून माझं कौतुक झालं. दगड मी पहिल्याच सकाळी बघितला होता, लिहून घेतला होता आणि बाजूला ठेवला होता, हे कुणाला सांगावं असं मला वाटलं नाही.

काही दिवसांनी मुलगा अंतिम जबाब द्यायला ठाण्यावर आला. आक्काच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं, ती बरी होत होती. मला वाटलं, आता तक्रार करेल. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दार लावून म्हणालो, की तू माझ्याविरुद्ध वर अर्ज दे, मी अडवणार नाही.

तो कपाकडं बघत राहिला. "अर्ज न्हाय द्यायचा मला," तो म्हणाला. "एक करा फकस्त. आईला सांगू नका."

"काय?"

"ती मेली आसं तुमी म्हणालता ते."

"तिला माझा राग येईल म्हणून?"

"तुमचा न्हवं, सायेब. तुमी म्हणाला आणि मी मानलं. पुन्यांदा इच्यारलं बी न्हाय, कुटं बगितलं, काय बगितलं. ती तितं बसून हाका मारत हुती आणि मी हितं बसून रडत हुतो. हे तिला कळाय नको." त्यानं चहा संपवला, कप बशीत पालथा घातला आणि गेला. त्यानंतर तो मला कधी भेटला नाही.

मी शब्द पाळला. त्या केसनंतर कुठल्याही संशयिताला कुणी मेलं म्हणून मी सांगितलं नाही. हाताखालच्या पोरांनाही ती युक्ती शिकवली नाही, आणि कुणी वापरताना दिसला तर त्याला खोलीबाहेर काढलं. त्यामुळं काही केसेस लांबल्या, काही सुटल्या नाहीत. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मागच्या पावसाळ्यात वसाहतीतून निरोप आला, आक्का गेली. घरात, अंथरुणावर, माणसांत.

नवीन अधिकारी विचारतात, चौकशीत सगळ्यात महत्त्वाचं काय? पूर्वी मी निरीक्षण म्हणायचो. टाळ्या पडायच्या. पण दगड मला दिसला होता, निरीक्षणात मी कमी पडलो नव्हतो. मी फक्त त्या माणसाला त्याचा अर्थ विचारला नाही, कारण तो काय सांगणार हे मी आधीच ठरवून बसलो होतो. आणि माझं ठरवलेलं खरं करण्यासाठी मी एका मुलाला त्याच्या आईसाठी रडायला लावलं. ती तेव्हा जिवंत होती, आणि सोंडेच्या पलीकडं बसून त्यालाच हाका मारत होती.